वहीबाईंची अट

वहीबाईंना घरी आणणं हे डॉक्टरांना घरी आणण्यापेक्षा अवघड होतं. डॉक्टर कुरकुरत का होईना, येतात तरी. वहीबाई दारातच विचारायच्या, "वही लिहिलीत?" नाही म्हटलं की, "मग आठ दिवस लिहा आधी," आणि दार बंद. समोरचा माणूस कितीही मोठा असो, अगदी रडकुंडीला आलेला असो, अट म्हणजे अट. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं म्हणे, पण ते कागद बघितलेलं त्या दोन-चार गल्ल्यांत कुणी नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एवढे नखरे कशाला सहन करायचे? दुरुस्तीची दुकानं काय कमी आहेत? आहेत की, हवी तेवढी आहेत. पण घरी स्वतःच्या हातानं संगणक जोडणाऱ्या माणसाला तो दुकानात न्यायची लाज वाटते, ही खरी गोम आहे. तयार संगणक बिघडला की माणूस खुशाल दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो. स्वतः जोडणाऱ्यानं मात्र मदरबोर्ड कुठला, पंखा कुठला, पेटी कुठली, असं महिना-दोन महिने सगळ्यांचं डोकं खाऊन एकेक भाग निवडलेला असतो. जेवायच्या टेबलावर पसारा मांडून स्क्रू पिळलेले असतात. चालू झाल्यावर घरादाराला बोलावून दाखवलेलं असतं. तोच संगणक रुसून बसला की दोष द्यायला दुसरं कोणी नसतं. दुकानातला माणूस झाकण उघडून जरा हसून विचारतो ना, "हे कुणी जोडलं हो?", तो प्रश्न ऐकायची जोडणाऱ्याची तयारी नसते. असली माणसं मग गुपचूप वहीबाईंचा जिना चढायची.

बाई त्रेसष्ट वर्षांच्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्या मजल्यावर एक खोली, खिडकीखाली टेबल. खांद्याला एक जाडी पिशवी, आणि तिच्यात काय, तर एक टॉर्च, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला जुन्या चादरीचा पांढरा तुकडा. बस्स. सुटा भाग एक नाही. शिवाय त्या स्वतः संगणकाला हातच लावायच्या नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या आणि ज्यानं जोडलंय त्यालाच उघडायला लावायच्या. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले होते, "बाई, तुम्ही दुरुस्तीला आलात की परीक्षा घ्यायला?" बाई म्हणाल्या, "परीक्षाच. पण माझी. तुम्ही उघडा."

वहीचं खूळ त्यांना टेलिफोनच्या नोकरीत लागलं. एकतीस वर्षं त्या तक्रारींच्या टेबलावर बसल्या. एका औषधांच्या दुकानाचा फोन रोज दुपारी मरायचा आणि संध्याकाळी आपला आपण जिवंत व्हायचा. चार लाइनमन जाऊन आले. फोन बदलला, वायर बदलली, दुकानदारानं फोनवर बाईंना नाही नाही ते ऐकवलं. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फोन गेला की तुमच्या दुकानात काय चाललं होतं, तेवढं रोज लिहून ठेवा." त्यानं तीन आठवडे रागारागानं लिहिलं. त्यात एका ओळीत होतं, 'आज ढग, गिऱ्हाईक कमी.' दुसऱ्या एका ओळीतही ढग होते. त्या दोन्ही दिवशी फोन चालू होता. भिंतीवरच्या जोडपेटीवर दुपारचं ऊन यायचं, आतला सांधा तापून सुटायचा, आणि ऊन कललं की परत चिकटायचा. पाच मिनिटांचं काम निघालं. साहेबांनी त्या वर्षीच्या शेऱ्यात लिहिलं, 'गरजेपेक्षा जास्त चौकस.' बाई हे वाक्य पदक मिळाल्यासारखं सांगायच्या.

संगणक त्या पन्नाशी उलटल्यावर शिकल्या, स्वतः एक जोडून, आणि तो तीनदा जाळता जाळता वाचवून. वहीचा नियम तिथंही तोच ठेवला. "मशीननं काय केलं ते नका लिहू, ते मला दिसेल. तुम्ही काय करत होता ते लिहा."

आणखी एक गोष्ट त्यांची सांगायलाच हवी. त्या कधी हसायच्या नाहीत, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीवर. चुका तर काय एकेक बघितल्या होत्या! प्रोसेसरवर पंखा बसवताना खालचा प्लास्टिकचा कागद काढायचाच राहून गेलाय आणि मशीन तापून बंद पडतंय. स्क्रीनची वायर भलत्याच खाचेत घालून महिनाभर सगळे मदरबोर्डला शिव्या देतायत. पण बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. कारण एकदा त्या हसल्या होत्या. बँकेतल्या एका कारकुनानं दोन महिने खपून संगणक जोडला होता आणि प्रोसेसरला वीज देणारा छोटा प्लग लावायलाच विसरला होता. बाईंना हसू फुटलं. तोही हसला बिचारा. पुढं कळलं की त्यानं सगळं सामान कुणाला तरी देऊन टाकलं आणि परत कधी पान्यालासुद्धा हात लावला नाही. बाई सांगायच्या, "मी त्याचं मशीन सुरू केलं आणि माणूस बंद पाडला."

त्याच भागात टर्नरकाका राहायचे. चाळीस वर्षं कारखान्यात, लोखंड कातणाऱ्या लेथवर उभा राहिलेला माणूस. लोखंडाच्या तुकड्यावर नुसतं बोट फिरवून सांगायचे, केसभर जास्त आहे की कमी. निवृत्त झाल्यावर सहा महिने घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या, काकूंच्या स्वयंपाकात लुडबुड करून बोलणी खाल्ली, आणि मग एक दिवस सुनेला कामासाठी चांगला संगणक हवाय असं कानावर आल्याबरोबर म्हणाले, "विकत कशाला? मी जोडतो."

सून फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या, पडलेल्या, घराबाहेर पडता न येणाऱ्या माणसांना ती घरून, स्क्रीनवरून व्यायाम शिकवायची. काकांनी तीन महिने अभ्यास केला, वह्या भरल्या, आणि असा काही संगणक जोडला की बघत राहावं. मुलगा नोकरीसाठी परगावी होता, त्याला फोनवरून पंख्याचा आवाज ऐकवला. म्हणजे आवाज येत नाही हे ऐकवलं! तीन-चार महिने सगळं झकास चाललं. काका बाजारात चाललेत की मिरवणुकीत, हे कळू नये असे चालायचे.

मग थंडी पडली आणि स्क्रीन जायला लागली. मशीन चालू, आवाज चालू, पण स्क्रीन काळी ठिक्कर. कधी चार सेकंदांनी परत यायची, कधी वायर काढून परत लावेपर्यंत यायचीच नाही. आणि जायची ती बहुतेक वेळा पेशंट समोर असताना. काकांनी मशीन अकरा वेळा उघडलं. रॅम काढून पुसून बसवली. वायर नवी आणली. शेजाऱ्यांचा पॉवर सप्लाय मागून आणून लावून बघितला. स्क्रीनसुद्धा दुसरी लावून बघितली. उघडलं की स्वतः स्टुलावर बसून चार-चार तास टक लावून बघायचे, तेव्हा मशीन शहाण्या बाळासारखं चालायचं. काका उठून गेले, सून कामाला बसली, की झालं सुरू. काका म्हणायचे, व्हिडिओचा भार पडतो म्हणून जातंय. काकू म्हणायच्या, तुम्ही फार उघडझाक करता म्हणून जातंय. सून काहीच म्हणायची नाही, आणि तेच काकांना जास्त लागायचं.

एका सकाळी मात्र भलतंच झालं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी स्क्रीनवर होत्या. सून म्हणाली, "आजी, मी उठते तशा उठा हं, सावकाश." ती उठली, आजी उठायला लागल्या, आणि स्क्रीन गेली. आवाज मात्र येत होता. "अगं धर, धर मला," असं आजी ओरडल्या आणि काहीतरी धाडकन पडलं. स्क्रीन परत यायला सहा सेकंद लागले. पडलं होतं ते शेजारचं स्टूल, आजी पलंगावर टेकल्या होत्या, देवाची कृपा. पण ते सहा सेकंद सुनेनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. स्वयंपाकघरात येऊन ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून काकांसमोर उभी राहिली.

"बाबा, मी आजवर काही बोलले नाही. पण उद्या कुणी खरंच पडलं तर? मी तयार मशीन मागवतेय. दोन आठवड्यांनी सोमवारी येईल. तोवर आजींना फक्त पलंगावरचे व्यायाम देते. हे आपण माळ्यावर ठेवू."

ती चूक थोडीच बोलत होती! काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि आपली हत्यारांची पेटी उचलून पलंगाखाली सरकवली. दोन दिवसांनी कपाटाची बिजागरी निसटली, तर काकूंना म्हणाले, "सुताराला बोलाव. माझा हात गेला आता."

संगणक माळ्यावर जायचा तर जाऊ दे, काकूंचं त्याच्याशी काय देणंघेणं? पण चाळीस वर्षं ज्या हातांच्या जिवावर हा माणूस ताठ उभा होता, तेच हात गेले म्हणून तो खुर्चीत बसून राहणार, आणि मग उरलेली वर्षं नुसता बसूनच राहणार, हे त्यांना लख्ख दिसलं. त्या नवऱ्याला न सांगता वहीबाईंचा जिना चढल्या.

"आमचे हे म्हणतात हात गेला. हात शाबूत आहे हो, मी रोज बघतेय. तुम्ही येऊन एवढं त्यांना सांगा."

"वही लिहिलीत?" वहीबाईंनी विचारलं.

"कसली वही?"

वहीबाईंनी अट सांगितली. घरातल्या प्रत्येकानं लिहायचं. स्क्रीन गेली की आपण त्या वेळी काय करत होतो, दुसरे काय करत होते, खरं खरं. काकू म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही." बाई म्हणाल्या, "मग तर तुम्ही नक्की लिहा."

काकांना हे कळल्यावर त्यांनी थोडा आरडाओरडा केला. "टेलिफोनवाली बाई आता मला मशीन शिकवणार!" पण काकू बधल्या नाहीत. त्यांनी वही टेबलावर दोरीनं बांधून ठेवली. आठ दिवस तिघांनी लिहिली. गुरुवारी काकूंनी ती नेऊन दिली, आणि रविवारी सकाळी दहा वाजता वहीबाई पिशवी घेऊन दारात हजर. दुसऱ्या दिवशी सोमवारी नवं मशीन यायचं होतं. सून एका पेशंटच्या घरी गेली होती, बारापर्यंत येणार होती. म्हणजे हातात दोन तास.

"सगळं तपासून झालंय माझं," काका दारातूनच म्हणाले. "तुमचा वेळ फुकट जाईल."

"जाऊ दे की," वहीबाई म्हणाल्या. "मला कुठं गाडी पकडायचीय? उघडा."

काकांनी कपाळाला आठ्या घालून पेटीची बाजू काढली. बाईंनी पांढरा तुकडा अंथरला, टॉर्च लावला आणि वाकून बघायला लागल्या. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. वायरी सगळ्या एका रेषेत, वळणं सारखी, बांधलेल्या पट्ट्यांची टोकं एका मापात कापलेली. बाईंनी एकेक प्लग काकांना दाबून बघायला सांगितला. एकेक स्क्रू फिरवून बघायला सांगितला. एकही हलला नाही. मदरबोर्डच्या मागं चुकून एखादा जादा स्क्रू राहिलाय का, तेही काकूंचा आरसा मागून, तो धरून बघितलं. घरी जोडणाऱ्यांची ती नेहमीची चूक. तिथंही काही नाही.

"दहा वर्षं मी लोकांची मशिनं बघतेय," बाई सरळ होत म्हणाल्या. "इतकं नेटकं आतून बघितलं नाही. यात दोष नाही, टर्नरसाहेब."

काकांना बरं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. दोष सापडला असता तर काढता तरी आला असता. "मग स्क्रीन काय भूत घालवतंय?" ते ओरडलेच.

बाईंनी पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली. "मोठ्यानं वाचा. माझा चष्मा आज बरोबर नाही."

आता हा चष्मा त्यांच्या नाकावर होता आणि मघाशी त्यातून सुईच्या टोकाएवढे स्क्रू दिसत होते. पण काका रागात होते, त्यांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांनी आपली पानं वाचली. 'सकाळी दहा दहा. प्रोसेसर बावन्न अंश. पंखा ठीक. वीज ठीक.' सुनेची पानं वाचली. 'आजोबांचं सेशन. उभं राहायचा व्यायाम दाखवताना गेली.' 'पुन्हा सेशनमध्ये.' मग काकूंची पानं आली आणि काकांनी सुस्कारा सोडला.

"हे काय वाचायचं? 'मंगळवार. बेल वाजली, सूनबाई उठली, स्क्रीन गेली, दारात कुणी नव्हतंच.' 'मंगळवार दुपार. दूध उतू जाईल म्हणून मी हाक मारली, ती धावत आली, स्क्रीन गेली, दूधही गेलं.' अगं, दुधाचं काय लिहिलंयस यात?"

"जे झालं ते लिहिलं," काकू फणकारल्या.

"पुढं," वहीबाई म्हणाल्या.

"'बुधवार. सूनबाई दोन तास काहीतरी टाइप करत बसली होती. काही झालं नाही. पाणी प्यायला उठली तेव्हा गेली.' 'गुरुवार. चादर अंगावर घेऊन बसली होती, थंडी फार. कुरिअरवाला आला म्हणून उठली...'" काकांचा आवाज हळू झाला. त्यांनी पान मागं उलटलं. परत पुढं आणलं. सुनेचं पान काढलं. उभं राहायचा व्यायाम दाखवताना. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. काकू काहीतरी बोलणार होत्या, तर वहीबाईंनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

"ही दर वेळी उठतेच आहे," काका म्हणाले.

"काय म्हणालात?"

"बसलेली असताना एकदाही गेली नाही. एकदाही नाही! भार नाही, ताप नाही, काही नाही. टाइप करताना गेली नाही, बोलताना गेली नाही. उठली की जाते. दर वेळी नाही जात, पण जाते तेव्हा ती उठलेलीच असते."

"असं?" वहीबाई म्हणाल्या. "मग आता काय करू या?"

मग काका जे सुटले! वय, राग, हात गेला, सगळं विसरले. पहिल्यांदा म्हणाले, फरशी हलते. मशीन चालू करून जमिनीवर पाय आपटले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, पण स्क्रीन जागची हलली नाही. मग टेबलाला धक्के दिले. काही नाही. मग फरशी, टेबल, वायर सगळं एकदम हलवायला निघाले, तर वहीबाई म्हणाल्या, "एका वेळी एकच." काकांनी मान डोलवली. लेथवरही तोच नियम असतो. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली, तिच्यावर बसले, उठले. बसले, उठले. वीस वेळा. गुडघे कुरकुरले, स्क्रीन लखलखीत. मग त्यांनी सुनेची काळी, चाकांची खुर्ची ओढली. थंडीच्या सुरुवातीला तिनंच पाठीसाठी आणलेली, मऊ, वर-खाली होणारी. काका तिच्यात बसले आणि उठले. काही नाही. बसले, उठले. काही नाही. तिसऱ्यांदा बसले, जरा झटक्यात उठले, आणि स्क्रीन काळी!

"गेली!" काकू किंचाळल्या. "अहो, गेली की हो!" स्क्रीन गेल्याचा एवढा आनंद जगात कुणाला झाला नसेल.

काकांनी आणखी दोनदा घालवून दाखवली. मग धापा टाकत खाली बसले, जमिनीवरच. "पण खुर्चीचा आणि स्क्रीनचा संबंध काय?"

तेवढं वहीबाईंनी सांगितलं. खुर्चीखाली जो दांडा असतो त्यात वायू दाबून भरलेला असतो. माणूस उठला की सीट उसळते, आणि कोरड्या हवेत तिथं साठलेल्या विजेची कुठंतरी इवलीशी ठिणगी उडते. लोकरीचा स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेवढीच. माणसाला पत्ताही लागत नाही, पण स्क्रीनकडं जाणाऱ्या वायरीला तो धक्का कळतो. "खुर्ची वाईट नाही," बाई म्हणाल्या. "फक्त या खोलीत नको. दुसऱ्या खोलीत सुखानं बसा तिच्यावर."

काकांनी वही परत उघडली. नुसतीच, मघाचा आनंद पुन्हा एकदा घ्यावा म्हणून. काकूंच्या पानावरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. 'उठली' या शब्दाखाली कागद किंचित दबलेला होता. पुढच्या 'उठली'खालीही. त्याच्या पुढच्याही. कुणीतरी पेन्सिलनं रेघा मारून नंतर रबरानं खोडल्या होत्या. डोळ्यांना दिसलंच नसतं ते. केसभराचा फरक ओळखणाऱ्या बोटाला मात्र कळलं. काकांनी मान वर करून वहीबाईंकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जणू तिथं काही फार महत्त्वाचं चाललंय.

एवढ्यात सून आली. काकूंना कुठला दम निघायला! "खुर्ची! अगं, तुझी खुर्ची! मशीनमध्ये काही नाही!" सुनेला अर्थबोध होईना. काकांनी परत बसून, उठून, स्क्रीन घालवून दाखवली. लाकडी खुर्चीवर बसून, उठून, स्क्रीन राहते तेही दाखवलं. सुनेनं खुर्चीकडं बघितलं, मग मशीनकडं, आणि तिचा चेहरा उतरला. तिनंच तर आणली होती ती खुर्ची.

"शोधलं कुणी हे?" तिनं विचारलं.

"टर्नरसाहेबांनी," वहीबाई ताडकन म्हणाल्या. "मी नुसती उभी होते. विचारा तुमच्या सासूबाईंना."

काकूंनीही जोरजोरात मान हलवली. आता काका गप्प राहिले असते तर कुणाचं काय बिघडणार होतं? तीन महिने ज्यासाठी जीव तळमळत होता ते कुणीतरी ताटात वाढून समोर ठेवलं होतं. सून त्यांच्याकडं बघत होती, आणि किती दिवसांनी अशी बघत होती!

"नाही," काका म्हणाले. "यांना गुरुवारीच कळलं होतं. रेघा मारून ठेवल्या होत्या, त्या खोडल्या. मला वाचायला लावलं. चष्मा बरोबर नाही म्हणे!" त्यांनी वही मिटून टेबलावर ठेवली. "बाई, मला असली खैरात नको. मी खोटं माप कधी सांगितलं नाही."

वहीबाईंचे कान लाल झाले. पकडलं गेल्यावर काय बोलायचं याची त्यांना सवयच नव्हती. मग त्या काकांसमोर आल्या आणि दोन्ही हात पुढं घेऊन त्यांचा उजवा हात धरला.

"खैरात नाही, साहेब. खुर्चीचा संशय मला गुरुवारी आला, खरंय. पण संशयच. एखादा प्लग सैल असता, एक वायर ताणलेली असती, तर उठण्या-बसण्याच्या हादऱ्यानंही तेच झालं असतं, आणि मी तो प्लग दाबून घरी गेले असते. पुढच्या आठवड्यात ती आजी खरंच पडली असती. तुम्ही आत बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती म्हणून मला बाहेर बघता आलं. आज सकाळी ती पेटी उघडली तेव्हा माझी खात्री पटली, त्याआधी नाही. हे माप बरोबर आहे की खोटं, ते तुम्ही सांगा."

काकांनी मोकळ्या डाव्या हातानं डोळे पुसले आणि मान डोलवली.

सुनेनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. काळी खुर्ची ढकलत आतल्या खोलीत नेऊन सोडली, लाकडी खुर्ची टेबलापाशी ओढली आणि फोन लावला. "आजी, मोकळ्या आहात का? दहा मिनिटं या ना समोर. आज उभं राहायचंय."

स्क्रीनवर आजी आल्या, पलंगाच्या कडेला बसलेल्या, समोर भक्कम खुर्चीची पाठ. मागं त्यांची लेक उभी होती. "नको गं बाई," आजी म्हणाल्या. "मागच्या खेपेला मी पडता पडता राहिले आणि तुला मी दिसतच नव्हते. तुझं ते मशीन परत जायचं."

"नाही जायचं, आजी."

"कशावरून?"

"आमच्या बाबांनी जोडलंय ते," सून म्हणाली.

ती उठली. आजी उठल्या. दोघी बसल्या. काका दारात उभे राहून मोजत होते, काकू त्यांच्या दंडाला घट्ट धरून उभ्या होत्या, आणि वहीबाई जायला निघालेल्या, त्याही चपला हातात घेऊन थांबल्या. चार झाले, पाच झाले, सात झाले. आजी दर खेपेला थोड्या जास्त सरळ होत होत्या. दहाव्या वेळी त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ सोडली आणि दोन्ही हात मोकळे ठेवून उभ्या राहिल्या, आणि ते सुनेला सगळं दिसलं.